झाडू मागणारा प्राध्यापक

गेल्या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर आपल्या कळमेश्वर तालुक्यातल्याच एका खेड्यात झाले. पहिल्या दिवशी शाळेच्या फळ्यावर कामांची यादी लागली. स्वयंपाक, रस्तादुरुस्ती, झाडांसाठी खड्डे, प्रभातफेरी आणि सर्वांत खाली शौचालय सफाई. तिसऱ्या दिवशीच्या सफाईपुढे माझे नाव होते. दोन दिवस मला जेवण गोड लागले नाही. शेवटी मी वर्गातल्या एका मुलाकडे गेलो आणि त्याच्या भाजी चिरण्याच्या पाळीशी माझी पाळी बदलून मागितली. त्याने नुसती मान हलविली. मी सुटलो. रात्री सतरंजीवर पडल्यावर मात्र ध्यानात आले, की एवढ्या मुलांमधून मी नेमका त्याच्याकडेच गेलो होतो. का गेलो ते मला ठाऊक होते आणि त्यालाही ठाऊक असणार. ते येथे उघड करून लिहिण्याची गरज नाही. वाचकांनाही ते ठाऊकच आहे.

शिबिराहून परतल्यावर मराठीच्या सरांनी वार्षिक अंकासाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहिण्यास सांगितले. ग्रंथालयात शोधता शोधता अप्पासाहेब पटवर्धनांचे ‘माझी जीवनयात्रा’ हे आत्मचरित्र हाती लागले. कोकणात त्यांना कोकणचे गांधी म्हणतात. विदर्भात त्यांचे नाव फारसे निघत नाही. स्वच्छतेचा विषय निघाला की आपल्याला गाडगेबाबा आठवतात, तुकडोजी महाराज आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण मी ज्या कामातून पळालो, तेच काम मिळावे म्हणून तुरुंगात उपोषण करणारा हा माणूस मला सोडवेना. म्हणून हा लेख.

सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन हे त्यांचे पूर्ण नाव. जन्म ४ नोव्हेंबर १८९४, रत्नागिरी जिल्ह्यात. घर ब्राह्मणाचे, बुद्धी तल्लख. एम. ए. होऊन त्यांनी पुण्यात काही काळ प्राध्यापकी केली. येथे मी थोडा थांबलो, हे कबूल केले पाहिजे. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिला. कॉलेजात शिकविणारा माणूस म्हणजे आमच्या बाच्या लेखी कलेक्टरच्या खालोखाल. ती नोकरी आपल्या हाताने सोडून देणारा मनुष्य मला प्रथम वेडाच वाटला. परंतु तो काळच तसा होता. गांधीजींच्या हाकेला ओ देऊन पुष्कळांनी वकिली सोडली, शाळा-कॉलेजे सोडली. अप्पा त्यांच्यापैकी एक. गांधीजींच्या आत्मकथेचा ‘सत्याचे प्रयोग’ हा मराठी अनुवाद त्यांनीच केलेला आहे. ते पुस्तक आपल्या ग्रंथालयातून अनेकांनी घरी नेले असेल, पण अनुवादकाचे नाव किती जणांनी वाचले असेल? मीही वाचले नव्हते.

१९३० साली शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला, त्यात अप्पा आघाडीवर होते. पुढे कायदेभंगाच्या चळवळीत तुरुंगवास आला. सत्याग्रही म्हणून तुरुंगात जाणारे हजारो होते. अप्पांचे वेगळेपण तुरुंगाच्या आत गेल्यावर दिसले.

त्या वेळी कैद्यांना कामे वाटताना जात पाहिली जात असे. पायखाने साफ करण्याचे काम ठराविक जातीच्या कैद्यांनाच. चोरी करून आलेला असो की मारामारी करून, जात ती असली की हातात झाडू आणि डोक्यावर मैल्याची टोपली. म्हणजे कायद्याने दिलेली शिक्षा एक आणि जन्माने दिलेली दुसरी. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पांनी हे सफाईचे काम आपल्याला द्यावे असा अर्ज केला. अधिकाऱ्यांनी नियमावर बोट ठेवून नकार दिला. उच्चवर्णीय कैद्याला हे काम सांगता येत नाही, त्याने स्वतः मागितले तरी नाही! अप्पांनी अन्नत्याग सुरू केला.

ही वार्ता येरवड्याला गांधीजींपर्यंत पोहोचली. सप्टेंबरमधले त्यांचे मोठे उपोषण होऊन, पुणे करार होऊन दोन-सव्वादोन महिनेच झाले होते. प्रकृती पुरती सावरली नव्हती. तरीही ३ डिसेंबर १९३२ रोजी अप्पांच्या पाठिंब्यासाठी त्यांनी पुन्हा उपोषण आरंभिले. सरकारची धावपळ उडाली, फेरविचाराचे आश्वासन मिळाले आणि गांधीजींनी उपोषण सोडले. पुढे स्वेच्छेने हे काम मागणाऱ्याला ते देण्यास मोकळीक मिळाली. एका झाडूसाठी एवढे मोठे सरकार हलले.

हा प्रसंग मी मोठ्या उत्साहाने त्या मुलाला सांगितला, ज्याच्याशी मी पाळी बदलली होती. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग तो एवढेच बोलला, की पटवर्धनांना झाडू मिळावा म्हणून उपाशी राहावे लागले, आणि त्याच्या आजोबांना तो सुटावा म्हणून उपाशी राहावे लागले असते. त्यांच्या उपोषणाची वार्ता मात्र कोणत्याही येरवड्याला पोहोचली नसती. यावर मला काही सुचले नाही.

नंतर सरांकडून कळले, की त्याचे म्हणणे नवे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली काँग्रेस आणि गांधीजींवर लिहिलेल्या ग्रंथात हाच आक्षेप घेतला आहे. सफाईचे काम पवित्र आहे असे म्हणत राहिले, तर ते ज्याच्या माथी मारलेले आहे त्याला ते सोडण्याचीही सोय उरत नाही. दीक्षाभूमी आपल्या कळमेश्वरापासून तासाभराच्या आतल्या रस्त्यावर आहे. १९५६ साली तेथे लाखो लोकांनी जे केले ते झाडूला नमस्कार करून केले नाही, पाठ फिरवून केले. हा आक्षेप बाजूला सारून अप्पांचे चरित्र लिहिणे मला अप्रामाणिकपणाचे वाटले. आणि खरे सांगायचे, तर तो मनात ठेवून वाचू लागलो तेव्हाच अप्पांचे उत्तरायुष्य मला कळू लागले.

स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली, अप्पांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभा केला. आश्रम म्हटले की ध्यानधारणा, भगवी वस्त्रे असे काही डोळ्यांपुढे येते. येथे आधी आले चर्मालय. मेलेले ढोर ओढून नेणे, ते सोलणे, कातडे कमावणे, हाडे-मांसाचे खत करणे. ही कामे अप्पा स्वतः करीत. गावात मेलेली गाय ब्राह्मणाने सोलावी, हा त्या काळच्या कोकणात केवढा अनर्थ! पण मला वाटते, गोपुरीतली खरी मोठी गोष्ट चर्मालय नव्हे. ती संडासात आहे.

तुरुंगात अप्पांनी झाडू मागितला होता. गोपुरीत त्यांनी झाडूच लागणार नाही असा संडास शोधला. त्या काळी शहरांतले संडास टोपलीचे असत. खालची टोपली किंवा डबा दररोज कोणीतरी उचलून डोक्यावरून वाहायचा. अप्पांनी म्हटले तर अगदी सोपी रचना केली. जमिनीच्या वर दोन बंदिस्त कप्पे बांधायचे. एक वापरायचा, आणि दर खेपेला वरून राख, माती, पालापाचोळा टाकायचा. तो भरला की बंद करून दुसरा वापरायचा. दुसरा भरेपर्यंत पहिल्यातल्या मैल्याचे काळे, भुसभुशीत, वास नसलेले खत होते. मागचे दार उघडून फावड्याने काढा आणि शेतात न्या. या रचनेला गोपुरी संडास हे नाव पडले. खेड्यात आणखी स्वस्तात बसणारा सोपा संडासही त्यांनी लोकांपुढे ठेवला. मराठीत मैल्याच्या खताला पूर्वीपासून सोनखत म्हणतात. शब्द सोन्याचा, पण ते वाहणारा गावकुसाबाहेरचा. अप्पांचा सारा खटाटोप या दोन गोष्टींमधले अंतर नाहीसे करण्याचा होता.

या कार्याला तेव्हा भंगीमुक्ती म्हणत. आज तो शब्द उच्चारतानाही टोचतो आणि टोचावाच. पण चळवळीचे नाव तेच होते म्हणून लिहिले. मुक्ती कोणाची, याचे उत्तर अप्पांच्या कामात दिसते. सफाई करणाऱ्याची त्या धंद्यातून, आणि घाण करून दुसऱ्याकडे बोट दाखविणाऱ्याची त्याच्या सवयीतून. माझा नंबर दुसऱ्या यादीत लागतो.

संडासाचे खत झाले, तरी एक गोष्ट वाया जातच होती. ती म्हणजे त्यातली आग. गॅसचा विषय येथून सुरू होतो, आणि या विषयात मला अप्पांइतकेच आमच्या आजोबांनीही शिकविले आहे.

शेण, मैला, खरकटे, पाला असे काहीही ओले सेंद्रिय द्रव्य हवा न लागू देता कोंडून ठेवले की सूक्ष्म जंतू ते पचवू लागतात. आधी एका जातीचे जंतू त्याची आम्ले करतात, मग दुसऱ्या जातीचे जंतू त्या आम्लांपासून मिथेन वायू करतात. निघणाऱ्या गॅसमध्ये साधारण साठ टक्के मिथेन असतो, बाकी बहुतेक कर्बद्विप्राणिल वायू. मिथेन जळतो, त्याची ज्योत निळी, धूर नाही. उरलेल्या रबडीत नत्र जवळजवळ तसेच राहते, म्हणजे खत ते खत आणि वर इंधन. गवरी थापून चुलीत घातली की उष्णता मिळते पण खत गेले; उकिरड्यावर टाकली तर खत मिळते पण उष्णता गेली. शेतकऱ्याला ही निवड पिढ्यान् पिढ्या करावी लागत होती.

भारतात या गोष्टीचा आरंभ महाराष्ट्रातच झाला, आणि तोही मैल्यापासून. मुंबईला माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून गॅस करून दिवे लावले गेले. समाजाने ज्यांना बाहेर टाकले, त्यांच्या विष्ठेवर दिवा पेटला. हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो होतो. १९३९ साली दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत शेणावर प्रयोग झाले. पुढे जशभाई पटेलांनी तरंगत्या टाकीचे यंत्र तयार केले आणि साठीच्या दशकात खादी ग्रामोद्योग आयोगाने ते गावोगाव नेले. पण या प्रवासात नाव पडले गोबर गॅस, आणि मैला मागे राहिला. गोबर म्हटले की घरात घेता येते. अप्पांसारख्यांचा आग्रह असा, की शेणाच्या टाकीला संडासही जोडावा. मैला एकदा खाली गेला की तो कोणाच्या डोळ्याला दिसू नये, हाताला लागू नये, आणि त्याचा गॅस व खत दोन्ही घरच्या उपयोगी पडावे.

एकट्या मैल्यावर मात्र भागत नाही. एका माणसाच्या दिवसभराच्या मैल्यापासून सुमारे तीस लिटर गॅस मिळतो. पाच माणसांच्या घरात दीडशे लिटर झाला. तेवढ्यावर शेगडी अर्धा तास चालेल, म्हणजे सकाळचा चहा आणि फार तर एखादे कालवण. एक किलो शेण चाळीस लिटरच्या आसपास गॅस देते, म्हणून दोन ढोरांचे वीस किलो शेण घातले की आठशे लिटर. त्यात घरातले खरकटे मिसळले तर लहान कुटुंबाचा दोन्ही वेळचा स्वयंपाक होत आला. मिसळण्याला दुसरेही कारण आहे. जंतूंना कर्ब आणि नत्र ठराविक प्रमाणात लागतात, नत्राच्या वीस ते तीस पट कर्ब. शेणात हे प्रमाण आपोआप पंचविसाच्या जवळ असते. मैल्यात नत्र फार, तेथे ते दहाच्याही खाली येते. गव्हाच्या काडात ऐंशीच्या वर जाते. म्हणून मैल्याला काडीकचऱ्याची जोड हवी आणि काडीकचऱ्याला मैल्याची. जातिभेद येथे चालत नाही, असे एक वाक्य मी आधी लिहिले होते. ते फार टाळ्या मागणारे वाटले म्हणून खोडले. पण हिशेब तसाच आहे.

आमच्या सांदवाडीत आजोबांनी सरकारी अनुदानातून टाकी बांधली होती. मी लहान असताना ती चालू होती. काकांच्या लग्नात उरलेला भात, वरण, बुंदी सगळे तिच्यात ओतले गेले. आम्हा पोरांना वाटले आता गॅसच गॅस होईल. झाले उलटे. टाकी फुगली, पण काडी लावली तर ज्योत धरेना. आजोबांनी पंधरा-वीस दिवस तिला उपाशी ठेवले, थोडी चुन्याची निवळी घातली, मग थोडे थोडे शेण देऊन ती पुन्हा चालती केली. कारण मला आत्ता कळते. गोडधोड आणि शिजलेले अन्न झटपट आंबते, आम्ले करणारे जंतू धाव घेतात, मिथेन करणारे नाजूक जंतू मागे पडतात आणि सगळी टाकी आंबट होते. संत्र्याच्या सालींचेही तसेच. आपल्या भागात त्यांचे ढीग पडतात, पण सालीतले तेल या जंतूंना सोसत नाही. मूठभर चालेल, टोपलेभर नको. पऱ्हाटी तर घालूच नये, ते लाकूड, कुजता कुजत नाही. थंडीत गॅस कमी होतो तो वेगळाच. हे सारे आजोबांना कोणत्याही पुस्तकाशिवाय माहीत होते. ते गेले, बैल विकले, ट्रॅक्टर भाड्याने येऊ लागला, लोखंडी झाकण गंजले आणि सिलिंडर आला.

अप्पांची कल्पना पुढे नेली देहूच्या डॉ. सुहास मापुसकरांनी. तुकोबांच्या गावी सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून ते गेले, तेव्हा गावात संडास जवळजवळ नव्हतेच. त्यांनी सुरुवातीला बांधलेले संडास पावसाने ढासळले. मग त्यांना अप्पांच्या संडासाचा मार्ग सापडला. पुढे संडासाला जोडलेल्या गॅसयंत्राची त्यांनी सुधारलेली रचना केली, तिचे नाव मलप्रभा. मळाची प्रभा! हे नाव ठेवणाऱ्याला मराठी चांगले येत होते. २०१५ साली डॉक्टर वारले आणि २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. अप्पा त्यापूर्वीच, १० मार्च १९७१ रोजी, गेले होते. डोक्यावरून मैला वाहण्यावर बंदी घालणारा कायदा त्यांच्यानंतर बावीस वर्षांनी, १९९३ साली आला. तोही पुरला नाही म्हणून २०१३ साली दुसरा करावा लागला. गटारात उतरून गुदमरून मेलेल्या माणसांच्या बातम्या अजून वर्तमानपत्रात येतात, आणि त्यांच्या आडनावांवरून त्यांची जात ओळखता येते.

दिवाळीच्या सुटीत मी घरी विषय काढला. आता दोन म्हशी आहेत, टाकीचे बांधकाम शाबूत आहे, झाकण नवे करावे आणि संडासाचा पाइपही तिलाच जोडावा. बाने खर्च विचारला. माय ताडकन उठली. शेणाच्या गॅसवर ती जन्मभर रांधायला तयार आहे. संडासाच्या गॅसवर पोळी भाजायची तर तिने चूल परवडली असे सांगितले. मी तिला समजाविले, की वायू तोच, ज्योत तीच, जंतू त्यात काही शिल्लक ठेवत नाहीत. तिने विचारले, मग शिबिरात तू संडास का धुतला नाहीस? तिला ते कोणी सांगितले मला माहीत नाही. बहुधा मीच कधीतरी बढाई मारताना सांगितले असावे, की मी कसा शिताफीने सुटलो.

तीन दिवस अबोला होता. चौथ्या दिवशी तिनेच तोड काढली. पाइप जोडा, पण तो गॅस स्वयंपाकघरात आणायचा नाही; आंघोळीचे पाणी आणि म्हशींचे आंबोण त्यावर तापेल. रबडी संत्र्याच्या झाडांना घालायची, पण आधी उकिरड्यात महिनोन् महिने कुजवून, कारण जंतांची अंडी टाकीतून जिवंत बाहेर पडू शकतात, हे मी तिला प्रामाणिकपणे सांगून बसलो होतो. अप्पांनी ही तडजोड मान्य केली असती की नाही, मला सांगता येत नाही.

गवंडी येऊन मापे घेऊन गेला आहे. यंदाच्या शिबिराची यादी अजून लागायची आहे.